पिवळ्या पाकिटाची चौकशी

पाकीट फिरवावं तर रोझविता बेंडरनं! दुसऱ्या कुणी असं म्हणायची वाट तिनं कधी बघितली नाही, ती स्वतःच म्हणायची. फ्रँकफर्टच्या एका बँकेच्या शाखेत तिनं सत्तावीस वर्षं काढली आणि तेवढ्यात भेटीच्या वर्गणीची एकशे चाळीस पाकिटं फिरवली. लग्नं, बाळंतपणं, निवृत्त्या, एका कॅशियरचे तर दोन घटस्फोट! पण ज्याच्यासाठी पाकीट फिरतंय त्याला शेवटच्या मिनिटापर्यंत वास लागला नाही म्हणजे नाही.

"गुरुवारी मोठ्या साहेबांचा साठावा वाढदिवस," रविवारी तिनं नवऱ्याला सांगितलं. "असं पाकीट फिरवते की बघत राहतील!"

"शुक्रवारी तुझं प्रोबेशन संपतंय ना?" लोथार गुडघ्याला मलम चोळत म्हणाला. जन्मभर ट्राम चालवून त्याच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. "मग शुक्रवारपर्यंत गप बस की! कशाला नसती उठाठेव?"

"अरे, म्हणून तर! भेट बघून साहेब खूश. साहेब खूश की सही!"

इथे तिनं लोथारचं ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण नवऱ्याचं ऐकायचं असतं तर तिनं त्याच्याशी लग्न तरी केलं असतं का?

बाईचं वय चोपन्न. शाखा बंद पडल्यावर दीड वर्ष घरी बसून तिनं एकसष्ट अर्ज केले आणि एकसष्ट नकार पचवले. बासष्टावा अर्ज लागला. काळा पैसा पांढरा करणाऱ्यांना वेसण घालायला सगळ्या युरोपनं मिळून एक नवी संस्था काढली होती, ती नेमकी फ्रँकफर्टमध्ये. संस्था इतकी नवी की खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं! एकोणीस देशांतून उचलून आणलेले, रोझविता धरून चाळीस लोक सोळाव्या मजल्यावर बसत. त्यांच्या किल्ल्या, खुर्च्या, फोन आणि कॉफी म्हणजे रोझविताचं खातं. सहा महिन्यांचं प्रोबेशन शुक्रवारी संपत होतं आणि पक्क्या नोकरीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. ती सही झाली नाही तर ह्या वयात त्रेसष्टावा अर्ज करायचं त्राण तिच्यात नव्हतं.

संस्थेत सध्या काम थोडं आणि प्रशिक्षण फार. आदल्याच आठवड्यात सगळ्यांना रगडून झालं होतं आणि लिफ्टपाशी, कॉफीच्या मशीनवर, संडासाच्या दारामागेसुद्धा तक्ते लागले होते: शंका आली की लेखी कळवा, आणि एकदा कळवलंत की त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलू नका. बोललात तर चोर सावध होतो!

सोमवारी सकाळी रोझवितानं पिवळ्या पाकिटात स्वतःचे वीस युरो टाकले, सोबत सगळ्यांच्या नावांची यादी घातली आणि ते थेट दोविलेच्या टेबलावर ठेवलं. दोविले म्हणजे लिथुआनियाहून आलेली तपासनीस. इतकी काटेकोर, की सफरचंदसुद्धा मोजून आठ फोडी करून खाणारी.

"टाका काहीतरी, नावापुढे बरोबरची खूण करा आणि पुढे सरकवा," रोझविता कुजबुजली.

"किती टाकायचे?"

"शू! किती ते विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं."

"पावती मिळेल?"

"पाकिटाला पावती? अहो, काहीतरीच काय!"

"मग कार्डानं दिले तर?"

"रोख! रोखच! आणि हे बघा, मोठ्या साहेबांना कळता कामा नये. काही झालं तरी!"

पैसे कशासाठी, ते मात्र बाई सांगायला विसरल्या. विसरल्या म्हणजे काय, ते सांगावं लागतं हेच बाईंच्या डोक्यात आलं नाही! तिच्या बँकेत पिवळं पाकीट दिसलं की झाडूवालीसुद्धा विचारायची, "कुणासाठी?" साहेबांच्या नजरेस पडलंच तर नको, म्हणून तिनं पाकिटावर काही लिहिलंही नव्हतं. इकडे एकोणीस देशांच्या त्या मंडळींनी असलं पाकीट बापजन्मात पाहिलं नव्हतं.

पण शेजाऱ्यानं खूण केली म्हणून शेजारणीनं केली, तिनं केली म्हणून तिच्या शेजाऱ्यानं. मंगळवारी सकाळी पाकीट परत आलं तेव्हा त्याला चांगलं पोट सुटलं होतं. रोझवितानं संडासात कडी लावून नोटा मोजल्या. सहाशे चाळीस युरो! यादी तिनं उघडलीसुद्धा नाही. कुणी खूण केली आणि कुणी नाही हे बघायचं नसतं. ती पाकिटाची अब्रू.

खुशीत बाहेर येते तर साहेबांचा फोन. "बेंडरबाई, जरा आत येता? दार लावून घ्या."

सही! रोझविताच्या मनात लाडू फुटले. हातातली पर्स तशीच घेऊन ती आत गेली.

साहेब म्हणजे एस्बेन लुंडगोर, डेन्मार्कचे. उंच, सज्जन आणि एरवी थट्टेखोर माणूस. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

"बसा. कसं सांगू? आपल्याच कचेरीत कुणीतरी रोख पैसे फिरवतंय."

"अं?"

"पिवळ्या पाकिटात! आत एक यादी असते म्हणे, नावं, नावापुढे खुणा. रक्कम नाही, पावती नाही. आणि प्रत्येकाच्या कानात सांगतात, मोठ्या साहेबांना कळू देऊ नका! कालपासून एकोणीस जणांनी कळवलंय मला. लेखी!"

रोझविताची पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये पाकीट. तिनं दोन्ही हातांनी पर्स गच्च धरली.

"शुक्रवारी उद्‌घाटन," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "मंत्री येणार, पत्रकार येणार. काळा पैसा पकडणाऱ्यांच्याच घरात काळा पैसा! कुंपणच शेत खातंय म्हणतील. माझी नाचक्की सोडा, संस्था पाळण्यातच संपेल!"

आता सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. सांगायला किती वेळ लागतो? साहेब, तुमचा वाढदिवस आहे, संपलं! पण वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या की अपशकुन होतो, हे जर्मनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा, फक्त एकदा, तिनं शाखेच्या मॅनेजरना एक दिवस आधी "अभिनंदन" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जिन्यावरून गडगडले. योगायोग? असेल! पण पाय तर मोडलाच ना! आणि साहेबांना तर शुक्रवारी व्यासपीठाच्या पायऱ्या चढायच्या होत्या.

"म्हणून म्हणतो," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याकडे सगळ्या किल्ल्या, तुम्हाला सगळे ओळखतात. तुम्ही गुपचूप शोध घ्या. गुरुवारी सकाळी मला नाव हवं."

"आणि... नाव सापडलं तर साहेब?"

"तर काय? आपण सगळेच प्रोबेशनवर. त्याच दिवशी घरी!"

अशा रीतीनं रोझविता बेंडरवर रोझविता बेंडरला पकडायची कामगिरी आली.

आता पाकीट जवळ ठेवणं म्हणजे निखारा पदरात बांधणं. आजच भेटवस्तू घ्यायची आणि पाकीट रिकामं करायचं, असं ठरवून ती दुपारी लवकर निघाली ती मायन नदीचा पूल ओलांडून थेट गेर्नोटच्या गुत्त्यात. गेर्नोट सफरचंदाची वाइन विकायचा, लोथारचा पत्त्यांतला जुना भिडू.

"गेर्नोट, ह्या सुट्ट्या नोटा घे आणि मला शंभराच्या दे बाबा. पर्स मिटत नाही."

"सुट्टे? आण, आण! देव पावला!" गेर्नोटनं सहा शंभराच्या आणि वर चाळीस तिच्या हातावर ठेवले. "एवढे सुट्टे कुठून आणलेस गं? चर्चची पेटी फोडलीस की काय?"

रोझवितानं नोटा पर्समध्ये कोंबल्या आणि दार गाठलं.

पलीकडेच जुन्या वस्तूंचं दुकान होतं. साहेबांना समुद्राचं वेड, म्हणून जहाजावरचा पितळी वायुभारमापक, म्हणजे बॅरोमीटर, तिनं आधीच हेरून ठेवला होता.

"पावतीसकट सातशे चौदा," दुकानदार म्हणाला. "पावतीविना सहाशे. बघा बुवा!"

सत्तावीस वर्षं बँकेत काढलेली बाई ती! पण एकशे चौदा युरो वाचतात म्हटल्यावर हात थांबतो होय? तिनं सहाशे मोजले, पावती नको म्हणाली आणि यंत्र लोथारच्या मफलरमध्ये गुंडाळून घरी आणलं. उरलेल्या चाळिसाचा केक सांगितला. रात्रभर तिला झोप नाही. मध्येच ती उठून बसायची.

"अगं, सांगून टाक साहेबांना," लोथार कूस बदलत म्हणाला.

"आणि पाय मोडला तर?"

"त्यांचा पाय की तुझी नोकरी?"

"दोन्ही मोडेल रे!" आणि बाईला रडू फुटलं. "मी पुन्हा अर्ज नाही लिहिणार, लोथार. मला ते 'आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा' वाचवत नाही आता!"

लोथारनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बुधवारी कचेरीत जाते तर वातावरणच बदललेलं! ती कॉफीच्या मशीनपाशी गेली की बोलणं बंद. ती वळली की कुजबूज सुरू. तिनं घरून करून आणलेल्या आलुबुखाराच्या केकला कुणी हात लावेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे न खाणाऱ्यांनाही खवखवत होतं! दोविले तर तिला बघून जिन्यानं गेली. सोळा मजले!

शेवटी तिनं नूनोला गाठलं. नूनो साल्गेरो, पोर्तुगालचा वकील, एरवी तिला हसवून हसवून बेजार करणारा.

"नूनो, सहज विचारते हं. तुम्ही हे पैसे धुणं, धुणं म्हणता, ते करतात तरी कसं?"

नूनोनं आपली खुर्ची वीतभर मागे घेतली. "सहज विचारताय?"

"अगदी सहज!"

"तीन पायऱ्या, बाई. पहिली, रोख पैसा गोळा करायचा, कुणाचा किती ते कुठे लिहायचं नाही."

"बरं."

"दुसरी, तो अशा ठिकाणी फिरवायचा जिथे रोखीचा धंदा चालतो. म्हणजे बघा, एखादा गुत्ता. इकडून सुट्टे द्यायचे, तिकडून मोठ्या नोटा घ्यायच्या."

"आणि... तिसरी?" रोझवितानं विचारलं.

"त्या नोटांतून एखादी किमती वस्तू घ्यायची. जुनीपुराणी असली तर उत्तम. आणि पावती? पावती मुळीच घ्यायची नाही!"

"अगं बाई गं!" रोझविता खाली बसली. सुदैवानं तिथे खुर्ची होती.

"बाई, बरं नाही का वाटत?" नूनोनं विचारलं. त्याच्या डोळ्यांत काळजी दाटली होती, पण तो पुढे काही बोलला नाही. का बोलला नाही ते त्याच्या डोक्यामागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत छापलेलंच होतं.

घरी येताना तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. एकशे एक्केचाळीस पाकिटं. म्हणजे सत्तावीस वर्षं आपण टोळीच चालवत होतो म्हणायची!

गुरुवार उजाडला. साहेबांनी नऊ वाजता सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. रोझविता मागच्या भिंतीला टेकून उभी होती. एका हातात केकचा खोका, दुसऱ्या हातात मफलरचं गाठोडं.

"मित्रहो," साहेब म्हणाले, "ह्या आठवड्यात माझ्याकडे एका पाकिटाबद्दल लेखी शंका आल्या. किती? एकोणचाळीस!" त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला. प्रत्येकानं दचकून शेजाऱ्याकडे पाहिलं. तूसुद्धा? "शोधाचं काम मी बेंडरबाईंकडे दिलं होतं. बाई, नाव मिळालं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. रोझवितानं केकचा खोका खाली ठेवला. वाटलं होतं धरणी दुभंगेल, पण सोळाव्या मजल्यावर धरणी कुठली!

"मिळालं साहेब," ती म्हणाली. "मीच."

ती गाठोडं घेऊन पुढे आली.

"पाकीट माझं, यादी माझी. नोटा गेर्नोटकडे मोडल्या त्याही मीच. पावतीसुद्धा घेतली नाही, एकशे चौदा युरो वाचत होते म्हणून. पण शपथेवर सांगते, एक सेंट खाल्लेला नाही! हे घ्या." तिनं मफलर सोडला. पितळ चमकलं. "आज तुमचा साठावा वाढदिवस. आज म्हणजे आज, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही. अभिनंदन, साहेब! आता पाठवा घरी."

"वाढदिवस?" नूनो ओरडला. "वाढदिवसासाठी होतं ते? अहो बाई, आधी बोलायचंत की!"

"पिवळं पाकीट आणखी कशासाठी असतं? आणि तुम्ही आधी विचारायचंत की!"

"विचारायला बंदी आहे!" अडतीस तोंडांतून एकदम निघालं.

साहेबांचा चेहरा ताठच होता. "पण बेंडरबाई, मी तुम्हाला तपास दिला आणि तुम्ही दोन दिवस मला अंधारात ठेवलंत. हे मी कसं चालवून घेऊ? नियम सगळ्यांना सारखा. ती यादी द्या इकडे."

रोझवितानं पर्समधल्या पाकिटातून यादी काढली, उलगडली, आणि पहिल्यांदाच ती नीट पाहिली. नावापुढे खूण, नावापुढे खूण, सगळ्या निळ्या, काळ्या. सगळ्यात खाली मात्र कुणीतरी हातानं एक जास्तीचं नाव लिहिलं होतं. 'ए. लुंडगोर.' पुढे टपोरी खूण. हिरव्या शाईत! आता जर्मन कचेरीत हिरवी शाई वापरायची हिंमत सगळ्यात मोठ्या साहेबाशिवाय कुणाची आहे?

"साहेब," ती हळूच म्हणाली, "ही तुमची खूण ना?"

साहेबांनी कागद पाहिला. आधी कान लाल झाले, मग गाल.

"ते... माझ्या ट्रेमध्ये आलं होतं ते पाकीट."

"मीच ठेवलं," दोविलेनं हात वर केला. "यादीत फक्त साहेबांचं नाव नव्हतं. मला वाटलं, चूक झाली असेल."

"सगळ्यांनी खुणा केल्या होत्या," साहेब पुटपुटले. "मला वाटलं, इथली काहीतरी रीत असेल. म्हटलं, मोठ्या साहेबालाच रीत माहीत नाही असं कशाला दिसू द्या? मग टाकले. आणि नंतर शंका आली, म्हणून कळवलं."

"कुणाला कळवलंत?" नूनोनं विचारलं.

"मलाच," साहेब म्हणाले.

मग नूनोला जे हसू फुटलं ते सगळ्या दालनात पसरलं. साहेबही हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. स्वतःच्याच भेटीला स्वतः वर्गणी घालून स्वतःविरुद्ध स्वतःकडे तक्रार करणारा दुसरा माणूस अख्ख्या युरोपात शोधून सापडला नसता! त्यांनी तिथेच पक्क्या नोकरीचा कागद मागवला आणि हिरव्या शाईत सही ठोकली. रोझविता लोथारच्या मफलरमध्ये तोंड खुपसून रडली.

"पण दोन गोष्टी आहेत हं," साहेब म्हणाले. "एक, चाळीस माणसांत एकही शंका न कळवणारी एकटी तुम्ही! ही चांगली गोष्ट नाही. ह्या महिन्यात तुमच्याकडून एक तरी यायला हवी. आणि दुसरी, ही भेट नियमात बसवायची तर कुणी किती दिले ते लेखी लागेल. सगळ्यांनी आपापली रक्कम चिठ्ठीवर लिहून बाईंकडे द्या."

दुपारपर्यंत चाळीस चिठ्ठ्या जमल्या. रोझविता आपल्या टेबलाशी बसली, पक्क्या नोकरीच्या पक्क्या खुर्चीत, आणि बेरीज करायला लागली. केली. पुन्हा केली. मग यंत्रावर केली.

एक हजार एकशे पस्तीस युरो!

पाकिटात निघाले होते सहाशे चाळीस. तिनं चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. दोविलेनं पन्नास लिहिले होते. नूनोनंही पन्नास. एकूण अकरा जणांनी पन्नास पन्नास लिहिले होते, आणि पाकिटात निघाली होती ती सगळी पाच, दहा आणि विसाची चिल्लर! संडासाची कडी लावून तिनं एकेक नोट हातानं मोजली होती, त्यात पन्नासाची एकही नव्हती. अकरावी चिठ्ठी हिरव्या शाईत होती.

रोझवितानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच खण उघडून शंका कळवायचा कोरा फॉर्म काढला. 'कुणाबद्दल' ह्या रकान्यात जागा पुरेना म्हणून एक जादा कागद जोडला. 'कुणाकडे' ह्या रकान्यापाशी मात्र तिचा पेन अडला. तिथे छापूनच आलं होतं: संचालक, ए. लुंडगोर.

"काय लिहिताय एवढं?" पाठीमागून दोविलेनं विचारलं.

रोझवितानं फॉर्म पालथा घातला.

"काही नाही हो! केक घ्या ना."